कुमरे मॅडमची भट्टी

“सरपंच रात्रीच गेला. वहिनी अजून धरून हाय, पण तिचा काही भरोसा नाई.”

दाराबाहेर चपला काढताना हे ऐकू आलं आणि मी चपला पुन्हा पायात घातल्या. एक माणूस रात्री गेलेलं आणि दुसरं जाण्याच्या बेतात, अशा ठिकाणी नोकरीच्या पहिल्या दिवशी हजर होणं मला बरं वाटेना. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने आतून एक खाकी शर्टातले गृहस्थ चहाचा ग्लास घेऊन बाहेर आले. ते प्रयोगशाळेचे परिचर, बंडूभाऊ. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं. काऊन बसली इथी, असं त्यांनी विचारलं. मी इंग्रजीत म्हटलं की मी उद्या येईन. त्यांनी दाराकडे तोंड करून सांगितलं, “मॅडम, चंद्रपूरची पोरगी आली. परत जातो म्हणते.”

“तिले आत पाठव. नाक खाजून राह्यलं माझं.”

कुमरे मॅडम काचेच्या एका मोठ्या पेटीसमोर बसल्या होत्या. पेटीच्या भिंतीला काळे रबरी हातमोजे जोडलेले होते आणि मॅडमचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यांत अडकलेले. पेटीत हवा नसते, नुसता आर्गॉन वायू असतो, कारण आत सोडियम उघडं असतं आणि त्याला आपली हवा सोसत नाही. एकदा हात आत गेले की काम संपेपर्यंत बाहेर निघत नाहीत. मॅडमनी मान माझ्याकडे वळवून नाक पुढे केलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शिक्षकांना हातही न लावता वाढलेली. मी बोटाच्या टोकाने त्यांच्या नाकाला स्पर्श केला.

“असं नाई. जीव लावून.”

अशी मी रुजू झाले. पुढे वर्षभर माझ्या कामाच्या यादीत नसलेलं हे काम मीच केलं. बंडूभाऊंची नखं मोठी होती.

सरपंच आणि वहिनी या बॅटऱ्या होत्या, हे मला त्याच दुपारी कळलं. गडचिरोलीतल्या त्या छोट्या कॉलेजात कुमरे मॅडम जंगलातल्या वस्तूंपासून बॅटरीचे इलेक्ट्रोड बनवत. मोबाईलच्या बॅटरीत लिथियम असतं. मॅडमचं काम सोडियमवर होतं, म्हणजे मिठातल्या धातूवर. सोडियमला मुक्काम करायला एक वेडावाकडा, आतून सांदीकोपऱ्यांचा कोळसा लागतो. तो बांबूपासून होतो, धानाच्या तुसापासून होतो, फळांच्या कवचांपासून होतो. कोणत्या कोळशात सोडियम सुखाने जाईल आणि सुखाने परत येईल, एवढाच मॅडमचा प्रश्न होता. त्यासाठी नाण्याएवढ्या बॅटऱ्या करून त्या यंत्रावर लावायच्या आणि भरत-रिकाम्या करत राहायच्या, फेरीमागून फेरी, त्या थकेपर्यंत.

हा माल आणून देई सगळा जिल्हा. आणि मॅडमचा नियम असा की नमुन्याला नाव आणणाऱ्याचं द्यायचं, मालाचं नाही. माल घरूनच वाळवून, उखळात कुटून आणायचा, म्हणजे तो काय आहे ते कुणाला ओळखता येऊ नये. बांबू म्हटलं की पोरं मन लावून काम करतात आणि तूस म्हटलं की टाळाटाळ करतात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून आमच्याकडे वहिनी होती, सरपंच होता, गिरजाबाई होत्या, आणि पोस्टमन होता, जो पहिल्याच फेरीत गळाला. बॅटरी पुरेशा फेऱ्या चालली, की त्या माणसाला फोन लावायचा आणि मग विचारायचं, काय आणलं होतं बाबा.

मी ‘वहिनी पुन्हा उतरली’ असं संगणकात लिहायला शिकले. मराठी घरी बोलायचे, पण ती आईशी बोलायची मराठी होती. बाकी सगळीकडे मी इंग्रजीच्या मागे उभी राहायचे. मॅडमनी मला कधी बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. हे मला त्यांच्याबद्दल सर्वांत आधी आवडलं.

गिरजाबाईंचं प्रकरण मी आल्यावर घडलं. मॅडमच्या शेजारी राहणाऱ्या या बाईंनी आणलेल्या मालाचा कोळसा सुरुवातीला चांगला निघाला आणि मॅडमनी त्यावर एक लेख परदेशातल्या नियतकालिकाला पाठवला. लेखात माल काय तेही लिहिलं होतं, पण शीर्षकात मॅडमनी हट्टाने ‘गिरजाबाईपासून मिळवलेला कोळसा’ असं इंग्रजीत घातलं. आणणारीचा मान. संपादकांचं उत्तर आलं की मानवी नमुने वापरण्यासाठी नैतिक समितीची परवानगी जोडलेली दिसत नाही.

मॅडमनी उत्तर सांगितलं, मी टंकलं. गिरजाबाई ठणठणीत आहेत, सकाळीच भांडून गेल्या, असं ते उत्तर होतं. त्यावर एका परीक्षकाने, बहुधा गमतीने, पुरावा मागितला. मॅडमना गंमत कळत नसे असं नाही, पण पुरावा मागितला की द्यायचा, ही त्यांची सवय. गिरजाबाई नवं लुगडं नेसून आल्या, हातात पोतं धरून उभ्या राहिल्या, आणि तो फोटो लेखाच्या पुरवणीत गेला. आलेखांच्या रांगेत शेवटी गिरजाबाई आहेत. त्या हसत नाहीयेत.

दुसरी गोष्ट दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञांची. ते प्रकल्पाची पाहणी करायला आले होते. सज्जन गृहस्थ, बाटलीतलं पाणी सोडून काही प्यायले नाहीत. त्यांनी विचारलं, दोन्ही बाजूंना एकाच कोळशाचा इलेक्ट्रोड लावून चाचणी घेतली का. ती नेहमीची चाचणी आहे. मॅडमनी हिंदीत विचारलं, दोन्हीकडे एकाच घरचे? तज्ज्ञ हो म्हणाले. मग मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं की आम्हा गोंडांत देवांच्या संख्येवरून घराणी ठरतात, सारख्या देवांची घराणी म्हणजे भाऊ-भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगी द्यायची तर वेगळ्या देवांच्या घरी. त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की तज्ज्ञांनी ते लिहून घेतलं. अहवालात वाक्य आलं: स्थानिक विवाहनियमांमुळे ही चाचणी प्रलंबित आहे.

मॅडम तो अहवाल वाचून इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा ॲसिडच्या बशीत पडला. चाचणी त्यांनी केव्हाच केली होती. “चाचणी म्हणून केली,” त्या म्हणाल्या, “लग्न म्हणून नाई.”

पण त्यांच्या हसण्याचा आणि गंभीरपणाचा सांधा मला कधीच सापडला नाही. त्या यंत्राच्या हिरव्या दिव्यांसमोर उभ्या राहून गोंडीत काहीतरी पुटपुटत, ती विनवणी होती की शिवी ते कळत नसे. लग्नाच्या पंगतीतून उठताना त्या पिशवी उघडून आंब्याच्या कोया गोळा करत. आणि माणसांना मोजायची त्यांची एक रीत होती, जी त्या बॅटरीसाठीही वापरत: “कोण किती घेते ते नको पाहू. दिलेलं किती परत करते ते पाहा.” नवा नमुना पहिल्यांदा भरला की भरपूर सोडियम आत घेतो आणि परत देताना त्यातलं बरंच गिळून टाकतो, चांगला कोळसा कमी गिळतो. आमच्या प्राचार्यांबद्दल त्या म्हणत, पहिल्या फेरीतच गिळते.

मॅडम आलेखात दोन्ही रेघा दाखवायच्या, घेतलेलं आणि परत दिलेलं. फक्त चांगली रेघ दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी एकदा एक शब्द न बोलता चहा करायला पाठवलं होतं. तो वर्ष संपेपर्यंत चहाच करत होता.

त्या वर्षाच्या शेवटी प्रकल्पाचा पैसा संपणार होता. पुढचा मिळायचा तर टिकणारा एक तरी कोळसा दाखवायला हवा होता. वहिनी उतरली, तिच्यामागे एकेक करून सगळेच उतरले. आणि एक नमुना नुसता चालत राहिला. त्याचं नाव मामा.

मामा म्हणजे मॅडमच्या आईचे भाऊ. एटापल्लीच्या पुढच्या एका गावाहून ते महिन्यातून एकदा बसने येत, डोक्याला लाल टॉवेल, आणि मॅडमना सगळ्यांसमोर ‘ए काळे’ अशी हाक मारत. त्यांनी आणलेलं पोतं मी स्वतः धुतलं, चाळलं आणि भट्टीत घातलं. भट्टी म्हणजे एक लांब नळी. तिच्यातून आर्गॉन वाहत राहतो आणि विजेने ती लाल होते. मॅडमच्या नियमाप्रमाणे ज्याने माल घातला त्याने तो निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. मी बसून राहिले.

मामा भरायचा, रिकामा व्हायचा, पुन्हा भरायचा. बंडूभाऊ येता-जाता त्याला नमस्कार करायला लागले. मॅडमनी पेढे आणले आणि फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावा असा.

“मामा, काय आणलं होतं तू?”

“बेहडा. बिया त्याच्या. काऊन?”

मॅडमनी फोन ठेवला. हातातला पेढा कागदावर ठेवला. मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, बराच वेळ, आणि बंडूभाऊंना सांगितलं की मामाच्या कोळशाच्या बाटलीवर वाटी झाका, आता मी तिला हात लावणार नाही.

बेहडा हे त्यांच्या घराण्याचं झाड होतं. कुमरेंच्या त्या घरात बेहडा तोडत नाहीत, जाळत नाहीत. मामांचं घराणं वेगळं, त्यांच्या देवांची संख्या वेगळी, त्यांना बेहड्याचं काही नाही. त्यांच्या चुलीत तो रोज जात असेल. भाचीच्या घरी काय चालत नाही, याचा विचार करून पोतं भरण्याइतके ते काळजी घेणारे गृहस्थ नव्हते. ज्या नियमाने पोरांना माल कळू नये म्हणून मॅडमनी इतकी तजवीज केली होती, त्याच नियमाने तो मॅडमनाही कळला नाही.

बेहडा जाळणाऱ्याला वर्षाच्या देवकार्याला घराण्यात बसता येत नाही. आणि जळलेल्या वस्तूला त्या घरातलं कुणी हात लावत नाही. म्हणजे मॅडमचं देवाघरचं आसन गेलं आणि मामाही गेला. वीस वर्षं भट्टीपुढे बसून शेवटी हाती लागलेला एकुलता एक टिकणारा कोळसा.

बंडूभाऊ म्हणाले की मॅडम, बाहेर कोणाले कळते? घराणं तिकडे, भट्टी इकडे.

“मले कळलं ना,” मॅडम म्हणाल्या, आणि गावी निरोप धाडला.

म्हातारे काळीपिवळी जीपने आले. मॅडमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घराण्यात शब्द त्यांचा. त्यांच्याबरोबर आणखी दोघे. आणि आरोपीसारखे मामा, पण मजेत. फाटकावरच्या पहारेकऱ्याने चौघांच्या गळ्यात पाहुण्यांची ओळखपत्रं अडकवली. ती घालूनच ते आत आले. त्यांना उंच स्टुलांवर बसवलं, तिथे पाय लोंबकळू लागले, तेव्हा सगळे उतरून फरशीवर बसले. मॅडम पांढऱ्या कोटावरून पदर डोक्यावर घेऊन समोर बसल्या. मी भट्टीजवळ, जितकी भिंतीत शिरता येईल तितकी शिरून.

बोलणं गोंडीत चाललं आणि मामा आमच्यासाठी मराठी करून सांगत होते. मोठे बाबा बरंच काही बोलले की मामा म्हणत, चहा हाय काय विचारते. मग बंडूभाऊ चहा आणायचे आणि मोठे बाबा आश्चर्याने तो घ्यायचे.

पहिला मुद्दा असा निघाला की राख दाखवा. जळलं असेल तर राख असेल. राख नव्हती. मॅडमनी बोटाने बाटली दाखवली. बंडूभाऊंनी वाटी काढली, आत काळी भुकटी. एका म्हाताऱ्याने हात न लावता, वाकून ती हुंगली आणि ही राख नव्हे म्हणून निर्वाळा दिला. दुसरा म्हणाला, मग कोळसा तरी आहे. कोळसा काय आपोआप होतो? पहिला म्हणाला, भट्टीत वारा कुठून जातो ते दाखवा. वारा जात नाही, हे बंडूभाऊंनी सांगितलं. वारा गेला तर सगळी मेहनत राख होते. वाऱ्याशिवाय आग कशी लागेल, यावर तिघांत चांगलीच जुंपली.

मग मोठ्या बाबांनी विचारलं की भट्टी तापते कशाने. विजेने. वीज कुठली? चंद्रपूरची. ती कशाची? दगडी कोळशाची. आणि दगडी कोळसा म्हणजे जुनं जंगलच ना? माझे बाबा त्याच वीज केंद्रात नोकरीला आहेत. मोठे बाबा सावकाश मराठीत म्हणाले, “मग या दिव्यात, या पंख्यात आमचा बेहडा किती जळला असन? तेव्हा कोणी आम्हाले जीप करून बोलावलं नाई.”

सगळे वर पंख्याकडे पाहायला लागले. बंडूभाऊंनी उठून तो बंद केला. दगडी कोळशातली झाडं बेहड्याच्या कितीतरी आधीची, हे मला माहीत होतं. मी भिंतीला आणखी चिकटले.

पंखा थांबल्यावर उकडायला लागलं आणि बोलणं मुद्द्यावर आलं. जळलं की नाही, एवढंच ठरायचं होतं. मॅडम स्वतः बोलल्या असत्या तर एका वाक्यात सुटल्या असत्या. हवा नाही तिथे ज्वलन नाही. हे शाळेच्या पुस्तकात असतं. मी वाट पाहत होते. पण स्वतःच्या बाजूने स्वतः बोलायचं नाही, अशी तिथली रीत. जो विस्तवाजवळ बसला होता, शब्द त्याचा.

“कोण होतं भट्टीपाशी?” मोठ्या बाबांनी विचारलं, आणि मामांनी न विचारता माझ्याकडे बोट केलं.

बंडूभाऊ माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले की नाई जळलं म्हणून सांगून टाक, धुराचं मात्र काढू नको. कारण धूर निघाला होता. फळांच्या बिया तापल्या की त्यांतलं तेल आणि ओल निघते, नळीच्या दुसऱ्या टोकाने पिवळट धूर येतो, तो पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जातो आणि खोलीभर कडू वास राहतो. हे ज्वलन नाही. पण तीन म्हाताऱ्यांपुढे धूर म्हटल्यावर ते कोण ऐकणार होतं? मॅडमनी बंडूभाऊंचं कुजबुजणं ऐकलं असावं. त्यांनी मला खूण केली नाही, हो म्हणून नाही, नको म्हणूनही नाही.

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकते, कारण मी तो ऐकायला थांबले नाही. बोलून झाल्यावर मी सरळ बाहेर निघून गेले, त्या दिवशी मला तेवढंच झेपलं. मामांनी नंतर फोनवर सांगितलं. मोठे बाबा म्हणाले म्हणे की पावसाळ्यात माझ्या घरात ओली लाकडं दिवसभर धूर करतात आणि भाताचं पाणीही कोमट होत नाही. धूर म्हणजे आग नव्हे. मॅडमचं आसन राहिलं, कोळसाही राहिला. दंड मामांना झाला, एक कोंबडा, आणि आमच्या घराण्याच्या झाडाला सोयऱ्याचं नाव काय म्हणून दिलं, याबद्दल वर आणखी एक. हल्ली आलेखावर त्या नमुन्याचं नाव ‘मोठे बाबा’ आहे. माझं कंत्राट त्याच दिवशी संपलं आणि मी हैदराबादला गेले. मॅडमशी फोनवर बोलणं होतं, पण मी त्यांना पुन्हा पाहिलेलं नाही.

शेवटचं पाहिलं ते असं: फरशीवर मांडी घालून, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, पदर डोक्यावरून घसरलेला आणि तो सावरायला त्या हात उचलत नाहीत. घामाचा एक ओघळ त्यांच्या नाकावरून उतरत होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, यंत्रावर नवा नमुना लावला की बघायच्या तशा. काय निघेल त्याची घाई न करता.

मी भिंत सोडली. सगळी ओळखपत्रं माझ्या दिशेला वळली. इंग्रजी वाक्य तोंडाशी तयार होतं, ते मी गिळलं.

“धूर निघाला, मोठे बाबा,” मी म्हटलं. “खूप निघाला. जाळ नव्हता. मी तिथीच होती.”